जखमेआधीची तगमग

२००७ सालाच्या अखेरीस जामखेडच्या आसपासच्या खेड्यांत मानसिक आरोग्याविषयी एक पाहणी झाली. मेलबर्नच्या संशोधक मिशेल कर्मोड, जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या डॉ. शोभा आरोळे, ऑस्ट्रेलियाचेच अँथनी जॉर्म आणि त्यांचे सहकारी तिच्यामागे होते. २४० गावकरी आणि ६० गाव आरोग्य सेविका यांच्यापुढे दोन व्यक्तींची वर्णनं ठेवली गेली. एक खोल नैराश्यात गेलेली, दुसरी वास्तवाचं भान सुटलेली. मग त्यांना विचारलं, हे असं कशामुळे झालं असेल? आणि असं होण्याचा धोका कुणाला जास्त?

खेड्यातली माणसं म्हणजे करणी, भूतबाधा, देवऋषी, असं शहरात बसून वाटत राहतं. जामखेडच्या लोकांनी त्या कारणांना फारसा थारा दिला नाही. पैशाची चणचण, संसाराची ओढाताण, माणसाच्या परिस्थितीतून येणारी दुःखं, यांवर त्यांनी बोट ठेवलं. धोका कुणाला जास्त, तर बायकांना, बेकारांना, गरिबांना, असं ते म्हणाले. एवढी शहाणी उत्तरं देणाऱ्या याच लोकांना वाटत होतं की तरुणांना आणि म्हाताऱ्यांना असल्या त्रासाचा धोका त्या मानाने कमी असतो.

हा लेख त्या शेवटच्या उत्तरासाठी आहे. तरुण पोराला कसलं आलंय दुःख, दोन वेळचं आयतं मिळतंय, अभ्यास करायचा एवढंच तर काम, ही समजूत जामखेडची एकटीची नाही. ती पुण्यातल्या सोसायटीत आहे, गोव्यात आहे, न्यू जर्सीतल्या मराठी घरातही आहे. आणि स्वतःच्या शरीराला मुद्दाम इजा करून घेण्याची सुरुवात जगभर नेमकी याच वयात, साधारण बाराव्या ते चौदाव्या वर्षाच्या सुमारास होते. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची २०१४ साली एकत्र मोजदाद झाली, तेव्हा शंभरातल्या सुमारे १७ किशोरवयीन मुलामुलींनी कधी ना कधी असं केल्याचं दिसलं. हा आकडा शाळाकॉलेजांतल्या आणि समाजातल्या सर्वसाधारण मुलांचा आहे, मनोरुग्णालयातल्यांचा नाही. मुली जास्त आणि मुलगे कमी, असा समज आहे. फरक असतो, पण समजतो तेवढा नसतो. रागाच्या भरात भिंतीवर मूठ आपटून हात सुजवून घेणाऱ्या मुलाला आपण तापट म्हणतो, आणि त्याचं दुखणं मोजणीत येतच नाही.

इथे एक भेद आधीच करायला हवा, कारण तो न केल्यामुळे घरोघर गोंधळ होतो. स्वतःला इजा करून घेणारी बहुतेक मुलं त्या क्षणी मरायला निघालेली नसतात. ती जगण्याचा एक क्षण कसाबसा पार करत असतात. म्हणून जखम दिसताच ‘पोरीने जीव द्यायचा प्रयत्न केला’ असा आकांत करणं चुकीचं. पण ‘मरायचं नव्हतं ना, मग काही नाही’ म्हणून सोडून देणं त्याहून घातक. ज्यांनी स्वतःला इजा केली आहे, त्यांच्या बाबतीत पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो, हे अनेक देशांतल्या दीर्घ अभ्यासांनी दाखवलं आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीकडून दुसरीकडे वाट जाते. दोन्ही वाक्यं एका वेळी मनात धरता आली पाहिजेत.

मग मुलं असं का करतात? ज्यांनी केलं त्यांना विचारलं की पुन्हा पुन्हा एकच उत्तर सगळ्यात जास्त येतं: सहन होत नव्हतं, थोडं हलकं वाटलं. आत तगमग इतकी वाढलेली असते की तिला नाव देता येत नाही. राग आहे की लाज, भीती आहे की एकटेपण, काही उमगत नाही, नुसतं काहूर माजलेलं असतं. शरीराला वेदना झाली की सगळं लक्ष तिच्यावर एकवटतं आणि बाकीचं क्षणभर मागे सरतं. वेदना ओसरते तशी एक सैलावल्याची भावना येते. शरीर स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतं, तीही तिला हातभार लावत असावीत. ही सुटका फार थोडा वेळ टिकते. मग शरम येते, लपवालपवी येते, आणि ज्या दुःखापासून पळायचं होतं ते आता आणखी एका गुपितासह परत येतं. पण मेंदू सुटका तेवढी लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तगमग झाली की तोच रस्ता सुचतो. असं चक्र फिरायला लागलं की ते नुसत्या इच्छाशक्तीने थांबत नाही.

काहींचं कारण याच्या उलट असतं. त्यांना काहीच जाणवत नसतं, आतून बधिर झाल्यासारखं असतं. आपण जिवंत आहोत एवढं तरी कळावं म्हणून ती असं करतात. काहींच्या मनात स्वतःविषयी इतका तिटकारा साचलेला असतो की ती स्वतःला शिक्षा देतात. लहानपणी मार, छळ किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांमध्ये हे जास्त आढळतं, पण प्रत्येक जखमेमागे तसंच काही असेल असं गृहीत धरू नये. आणि काहींना खरोखरच कुणाला तरी काही सांगायचं असतं. ‘लक्ष वेधून घ्यायला करतेय’ हा आरोप आपण किती सहज करतो! बहुसंख्य मुलं तर हे जिवापाड लपवतात. आणि एखाद्याला शब्दांनी सांगून लक्ष मिळालं नाही म्हणून त्याला शरीराने सांगावं लागलं असेल, तर त्याला लक्षाची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

महाराष्ट्राला स्वेच्छेने सोसलेली वेदना नवी नाही. मरीआईचा पोतराज भर रस्त्यात स्वतःच्या अंगावर कोरडे ओढतो, जत्रांमध्ये नवसाला गळ टोचून घेण्याची प्रथा होती. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आर्मांडो फवाझा यांनी १९८७ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी जगभरच्या अशा धार्मिक प्रथा आणि एकट्या माणसाने स्वतःला केलेली इजा यांतला फरक मांडला. पोतराजाच्या वेदनेला हलगीची साथ असते, सूप पुढे करणारी बाई असते, त्या कृतीला सगळ्या गावाला कळणारा अर्थ असतो. पोतराजाच्या जगण्याचे हाल मी झाकू इच्छित नाही. पण वसतिगृहाच्या न्हाणीघरात कडी लावून बसलेल्या मुलीच्या वेदनेला अर्थ द्यायला कुणीच नसतं, हे त्या प्रथेशेजारी ठेवल्यावर जास्त टोचतं.

वेदनेचा विषय निघाला की जामखेडच्या आणखी एका दुखण्याची, कुष्ठरोगाची, आठवण होते. जामखेडचा आरोग्य प्रकल्प उभारणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. त्याच वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करताना ओळखलं की बोटं झडतात ती थेट रोगामुळे नव्हे. नसा बधिर होतात, वेदना कळत नाही, आणि माणूस नकळत स्वतःला भाजून, कापून, घासून घेत राहतो. तिथे वेदना नसल्यामुळे जखमा होत होत्या. इथे दुसरी एक वेदना असह्य झाल्यामुळे होतात. दोन्ही ठिकाणी लोकांनी जखम पाहिली आणि माणसाला दूर लोटलं. आरोळे दांपत्याने जामखेडला कुष्ठरोग्यांसाठी गावाबाहेर वेगळी वसाहत उभारली नाही. त्यांचे उपचार इतर रुग्णांबरोबरच सुरू केले आणि चट्टे ओळखायला गावातल्याच बायकांना शिकवलं. भीती ओसरली ती भाषणांनी नव्हे, रोजच्या संबंधाने.

आता ज्या मुलांविषयी आपण बोलतो आहोत ती या भागात कशी जगतात ते पाहू. जामखेड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा हा अवर्षणाचा पट्टा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलं कधी बरोबर कोपीवर, कधी आजीआजोबांकडे, कधी हंगामी वसतिगृहात. आठवी-नववीतली थोरली मुलगी गावी राहिली तर धाकट्यांची आईच होते. शिक्षण सुटतं का राहतं, वर्षाच्या आत लग्न ठरतं का, हे प्रश्न तिच्या डोक्यावर असतात आणि त्यांविषयी तिला कुणी विचारत नाही. मुलग्यांचं वेगळं. भरतीची तयारी, अकादमीची फी, दोनदा तीनदा हुकलेली संधी, आणि ‘तुझ्यासाठी रान गहाण टाकलंय’ हे वाक्य. मोबाइल दोघांच्याही हातात आहे. फोटो पसरवण्याची धमकी, चिडवणं, तुटलेलं प्रेम, हे सगळं रात्री अंथरुणात पोचतं. अशा आयुष्यांतून गेलेली बहुतेक मुलं स्वतःला इजा करत नाहीत, हेही खरं. पण ज्यांच्या घरात भावना बोलून दाखवायला जागाच नाही, त्यांची तगमग कुठून तरी बाहेर पडणार.

आणि ती बाहेर पडते तेव्हा घर काय करतं? ठरलेले प्रश्न येतात. कुणाच्या नादाला लागलीस? ही कसली थेरं? लोक काय म्हणतील? मग मोबाइल काढून घेतात, शाळा बंद होते, मामाकडे स्थळाचा निरोप जातो. आईबापांच्या रागामागे भीती असते हे मला कळतं. लेकराच्या अंगावर त्याच्याच हातची जखम पाहणं ही साधी गोष्ट नाही. पण त्या मुलीला एवढंच दिसतं की जे लपवलं होतं ते लपवायलाच हवं होतं. पुढच्या वेळी ती अधिक नीट लपवते.

ओळखायचं कसं? मे महिन्याच्या उन्हातही अंगभर कपडे, हात झाकायची धडपड. पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमा आणि दर वेळी ‘तारेला घासलं’, ‘पडले’. न्हाणीघरात फार वेळ. एकाएकी मैत्रिणी तुटणं, जेवणावरची वासना उडणं, झोप उडणं. यांतल्या एकेका गोष्टीला दुसरं साधं कारण असू शकतं. म्हणून झडती घेऊ नये, बाही वर करून बघू नये. विचारावं.

विचारणारी व्यक्ती आई असेलच असं नाही. पुष्कळदा मावशी, आत्या, शाळेतल्या बाई किंवा शेजारची वहिनी हे काम आईपेक्षा चांगलं करते, कारण तिच्या चेहऱ्यावर आईइतकी धास्ती नसते. भांडी घासताना, शेतावर जाताना, शेजारी शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. समोर बसवून डोळ्यात डोळे घालून केलेल्या चौकशीत पोरं गप्प होतात. ‘बाळा, तुझ्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मी रागावले नाही. काय चाललंय तुझ्या जिवाला, ते सांगशील?’ एवढं पुरे. ती ‘काही नाही’ म्हणाली तर, ‘बरं. मी उद्याही आहे, परवाही आहे. तुला वाटेल तेव्हा सांग.’ आणि खरंच उद्या, परवा तिथे असावं.

ती बोलली तर जखमेविषयी कमी आणि जखमेआधीच्या घटकेविषयी जास्त ऐकावं. त्या दिवशी काय झालं होतं, मनात काय आलं, कधीपासून असं वाटतंय. कशाने केलं, किती वेळा, दाखव बघू, ही खोदखोद टाळावी. ‘शपथ घे, पुन्हा करणार नाहीस’ हे तर मुळीच नको. शपथ मोडली की तिच्या माथी एक अपराध वाढतो, आणि तुमच्याशी बोलायचं दार बंद होतं. मी यावर जोर देते, कारण शपथ घालणं हा आपल्याकडच्या प्रेमाचा फार जुना प्रकार आहे आणि इथे तो उलटा पडतो.

एक प्रश्न मात्र टाळायचा नाही. ‘मरून जावं असं मनात येतं का?’ असा सरळ विचारायचा. असं विचारल्याने डोक्यात नसलेलं भरवलं जाईल अशी भीती शिकलेल्या माणसांनाही वाटते. विचारल्याने धोका वाढत नाही हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. उलट कुणी तरी हे ऐकू शकतं, याचाच दिलासा मिळतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्या रात्री तिला एकटी सोडू नये, आणि घरातली शेतीची औषधं, गोळ्या, इजा होईल अशा वस्तू तिच्या हाताशी राहणार नाहीत असं बघावं. मग लगेच डॉक्टर. ‘हे आपल्या दोघींतच ठेव’ असं ती म्हणाली तर खोटं वचन देऊ नये: ‘गावभर करणार नाही, पण तुझा जीव धोक्यात असेल तर एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल, आणि ते कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.’ ताजी जखम असेल तर आधी ती स्वच्छ पाण्याने धुऊन झाकावी. खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा काही पोटात घेतल्याचा संशय असेल तर बोलणं मागाहून, आधी रुग्णालय.

रुग्णालयात काय होतं हाही महत्त्वाचा भाग आहे. ‘स्वतःच करून घेतलंय ना, मग सोस आता’ हे वाक्य जगातल्या अनेक दवाखान्यांत उच्चारलं गेलं आहे. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा रुग्णांना इतरांइतकाच आदर द्यावा, टाके घालताना वेदना कमी करण्याची सोय द्यावी, हे वेगळं लिहावं लागलं. त्याच सूचनांच्या २०२२ च्या आवृत्तीत असंही सांगितलं आहे की गुण देऊन ‘धोका कमी’, ‘धोका जास्त’ असे शिक्के मारू नयेत आणि त्यावरून उपचार ठरवू नयेत. माणसाशी बसून त्याची परिस्थिती समजून घ्यावी.

घरच्यांना पोलिसांची भीती असते, आणि त्या भीतीपोटी जखमा घरीच चिघळतात. कायदा आता बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं, वेगळं सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा द्यायची नाही, उपचार आणि पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी आहे. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्कही २०१७ च्या कायद्याने दिला आहे. हे आशाताईंना, शिक्षकांना, सरपंचांना तोंडपाठ असायला हवं.

शाळेसाठी एक सूचना वेगळी द्यावीशी वाटते. वसतिगृहात किंवा वर्गात एका मुलीने असं केलं की मागोमाग आणखी दोघीतिघी करताना दिसतात. यात ढोंग नसतं. ज्यांची तगमग आधीपासून आहे त्यांना एक रस्ता दिसतो एवढंच. म्हणून प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर या विषयावर भाषण ठोकणं, त्या मुलीला उभं करणं, जखमांची वर्णनं करणं हे सगळं नुकसान करतं. तिच्याशी एकटीशी बोलावं. वर्गाशी बोलायचंच तर राग, लाज, अपयश यांना तोंड कसं द्यायचं आणि कुणाकडे जायचं, यावर बोलावं.

उपचार आहेत, आणि ते लागू पडतात. त्यांतल्या सगळ्यात अभ्यासलेल्या पद्धतीमागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी अशाच रुग्णांसाठी एक उपचारपद्धत घडवली आणि १९९१ साली तिचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस जसा आहे तसा स्वीकारायचा आणि त्याच वेळी त्याला बदलायला मदत करायची, हा तिचा गाभा. तगमग चढली की पहिली काही मिनिटं कशी काढायची, तोंडावर गार पाणी मारणं, झपाझप चालणं, श्वास सोडण्याचा वेळ लांबवणं; भावनेला नाव कसं द्यायचं; हवं ते न भांडता कसं मागायचं, अशी कौशल्यं त्यात शिकवतात. वीस वर्षांनी, २०११ मध्ये, हार्टफर्डच्या ज्या मनोरुग्णालयात सतराव्या वर्षी त्या स्वतः दाखल झाल्या होत्या तिथेच उभं राहून त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आपणही त्या वयात स्वतःला इजा करून घेत होतो. ज्या मुलीविषयी तिथल्या डॉक्टरांनी जवळजवळ आशा सोडली होती, तिने जगभरच्या हजारो मुलींसाठी वाट तयार केली.

पण अशी प्रशिक्षित माणसं जामखेड तालुक्यात किती असणार? हा प्रश्न आला की बहुतेक चर्चा तिथेच थांबते. जामखेडने मात्र याच प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या दुखण्यांसाठी दिलं होतं. आरोळे दांपत्य १९७० साली तिथे आलं, तेव्हा भागात डॉक्टर मिळत नव्हते आणि मिळाले तरी गरिबाच्या झोपडीपर्यंत पोचत नव्हते. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या ठरल्या दिवशी जामखेडला येत, एकत्र शिकत, एकत्र जेवत. अतिसार, बाळंतपण, कुष्ठरोग, क्षय, एकेक विषय शिकत गेल्या. पण त्याआधी आणि त्याबरोबर, आपण कुणीतरी आहोत हे शिकल्या. मेबल आरोळे या आत्मसन्मानाच्या शिक्षणाला औषधांइतकंच महत्त्व देत. १९७१ साली तिथला अर्भकमृत्युदर हजारी १७६ होता. नव्वदच्या दशकात तो विसाच्या घरात आला. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे पतिपत्नींना मिळाला तो या कामासाठी. या गाव आरोग्य सेविकांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी अमेरिकेतल्या एका परिषदेत, समोरचं झगमगतं झुंबर दाखवून, आम्ही साध्या पणत्या आहोत आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते, अशा आशयाचं सांगितलं होतं.

या बायकांना त्या काळी गावात बोलता न येणाऱ्या गोष्टी बोलाव्या लागल्या. पाळी, गर्भ, संततिनियमन, नवऱ्याची मारहाण. आज किशोरवयीन मुलीच्या हातावरची जखम हा तसाच न बोलता येणारा विषय आहे, आणि तो बोलायला शिकवता येतो असं मला वाटतं. नुसतं वाटण्यावर हे सोडायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यात ३० गावांत डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि धीर द्यायला शिकवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. नंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने चालवलेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्या स्वयंसेवकांना हेच काम दिलं. ते फोनवर छोट्या चित्रफिती दाखवून बोलणं सुरू करत. जामखेडच्या पाहणीतले अँथनी जॉर्म हे बेटी किचनर यांच्यासह ‘मानसिक प्रथमोपचार’ ही कल्पना उभी करणाऱ्यांपैकी. साप चावल्यावर काय करायचं हे जसं गावात दोघांतिघांना ठाऊक असतं, तसं हेही असावं, इतका साधा त्यामागचा विचार.

गावातल्या मावशीने मनोविकारतज्ज्ञ व्हायचं नाही. न घाबरता ऐकायचं, मरणाविषयी सरळ विचारायचं, घरच्यांचा राग निवळेपर्यंत मध्ये उभं राहायचं, आणि मुलीबरोबर जिल्हा रुग्णालयात जायचं. पुष्कळ पोरी तिथवर पोचत नाहीत कारण बरोबर यायला कुणी नसतं. तोवर फोनवर बोलता येतं. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही मिळते. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ आहे. घरातच छळ होत असेल तर तो आधी लावावा.

बरं होणं सरळ रेषेत होत नाही. चार महिने काही नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा, असं घडतं. तेव्हा ‘एवढं केलं तुझ्यासाठी आणि परत तेच’ हे वाक्य ओठांवर येतं, ते गिळावं. चार महिने कशाच्या बळावर निघाले ते तिलाच विचारावं. तीच तिची शिदोरी असते. जुन्या व्रणांविषयी बोलायचं की नाही हे तिच्यावर सोडावं. लग्न ठरवताना हळदीच्या दिवशी हात दिसतील म्हणून काळजी करणाऱ्या आया असतात. त्यांच्या काळजीला मी हसणार नाही, पण त्या हातांची लाज मुलीच्या वाट्याला का, एवढं त्यांनी स्वतःला विचारावं.

आणि ऐकणाऱ्या माणसाचंही काहीतरी बघायला हवं. दुसऱ्याच्या लेकीचं असं दुःख ऐकून घरी परतलेल्या बाईला झोप येत नाही. आपण नीट बोललो का, उद्या काही झालं तर, हे विचार पाठ सोडत नाहीत. आईबापांचं तर विचारूच नये. जामखेडच्या आरोग्य सेविका नेमाने एकत्र जमत, तेव्हा नवा धडा घेण्याबरोबर त्या आपापल्या गावातले पेच एकमेकींपुढे मांडत, रडत, सल्ले देत. कुठल्याही गावात हे काम सुरू करायचं असेल तर प्रशिक्षणाची पुस्तिका छापण्याआधी तशा बैठकीचा वार ठरवावा लागेल, जाण्यायेण्याचं एस.टी.चं भाडं कोण देणार ते ठरवावं लागेल, आणि त्या दिवशी त्या बाईच्या रोजगाराचं काय, तेही.